गाव आणि तारीख नसलेली बातमी: फॉरवर्ड तपासायचा कसा

"सर्व पालकांना विनंती. आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरत आहे. काल शेजारच्या गावातून दोन मुलं नेली. पोलिसांनी सावध राहायला सांगितलं आहे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा."

असा मजकूर तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. आता तो जरा सावकाश वाचा. 'आपल्या भागात' म्हणजे नेमकं कुठे? 'काल' म्हणजे कोणती तारीख? शेजारचं गाव कोणतं, आणि पोलिस कोणत्या ठाण्याचे? हा मेसेज जळगावात वाचला तरी आपलाच वाटतो आणि सावंतवाडीत वाचला तरी आपलाच. सोमवारी वाचा नाहीतर गुरुवारी, घटना कालचीच.

मी बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काढली. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं की बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख हवी. 'धुळे, ता. २ :' एवढं नसेल तर कॉपी वार्ताहराकडे परत. तेव्हा तो छापखान्याचा जुनाट रिवाज वाटायचा. आता कळतं की अफवा तयार करायला फार काही खोटं रचावंच लागत नाही. खऱ्याच गोष्टीचं गाव आणि तारीख खुडून टाकली की भागतं. त्यामुळे खाली जी काही तपासणी सांगितली आहे, ती सगळी ही खुडलेली गाव-तारीख शोधून परत जागेवर लावण्याची आहे.

राईनपाड्यात काय झालं

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे पोचली. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणे, आणि बाजारात 'पोरं पळवणारे' हा शब्द फिरला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जणांचा जीव गेला. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं.

त्या दिवसांत देशभर काय फिरत होतं ते पाहू. एक व्हिडिओ होता. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. हा व्हिडिओ कराचीचा. मुलांकडे लक्ष ठेवा असं सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेने केलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवाले परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यापुढे फलक धरतात: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणभर पुरतो. हा शेवटचा भाग कुणीतरी कापला. बाकी काही करावंच लागलं नाही.

मालेगावच्या बाजूला आणखी एक क्लिप फिरत होती, रांगेत ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांची. सोबतचा आवाज सांगत होता की अवयव काढण्यासाठी या मुलांना पळवून मारलंय. ती दृश्यं २०१३ सालची, सीरियातल्या घौता इथे झालेल्या रासायनिक हल्ल्यातल्या बळींची.

म्हणजे दोन्ही व्हिडिओंतली दृश्यं खऱ्या कॅमेऱ्यातून आलेली होती. एडिटिंगचं कौशल्यही लागलं नाही. कराची आणि घौता ही दोन नावं गळली आणि तिथे 'आपला भाग' येऊन बसला.

पाठवणारा वाईट नसतो, हीच अडचण

असे मेसेज पुढे ढकलणारे कोण असतात? अंगणवाडीच्या ताई, शाळेच्या ग्रुपवरच्या आया, निवृत्त काका. काळजीपोटी पाठवतात. 'खरं असेल-नसेल, सावध केलेलं बरं' हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधीतरी म्हटलंय. मीही.

मार्च २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या खऱ्या-खोट्या बातम्यांच्या सुमारे १,२६,००० साखळ्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या जवळजवळ सहापट वेळ लागत होता. आपोआप संदेश टाकणाऱ्या यंत्रांनी खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवलं होतं. फरक पडला तो माणसांमुळे. खोट्यात नवल असतं, किळस असते, धक्का असतो. 'आज शाळा नेहमीच्या वेळेत भरली' हे कोण कुणाला पाठवणार?

तंत्रज्ञानालाही सगळा दोष देता येत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागला तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. एसटीडी बूथवरून फोन गेले आणि दिवस मावळायच्या आत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोकांनी ते बाटल्यांत भरून नेलं, प्यायलंही. मिठी नदी माहीमच्या खाडीत उतरते, पावसाळ्यात तिथल्या पाण्याचा खारटपणा कमी होतो, आणि त्या पाण्यात मुंबईचं सांडपाणीही असतं. पण टीव्हीवर लोक ओंजळीने पिताना दिसत होते. ते बघून आणखी लोक निघाले.

इथे आम्हा बातमीवाल्यांचा भाग येतो. चाक असं फिरतं. आधी काहीतरी व्हॉट्सॲपवर फिरतं. एखादं छोटं पोर्टल 'सोशल मीडियावर चर्चा' म्हणून ते उचलतं. मग वाहिनी शेवटी प्रश्नचिन्ह लावून पट्टी चालवते. त्या पट्टीचा स्क्रीनशॉट निघतो आणि व्हॉट्सॲपवर परत येतो, आता वाहिनीच्या लोगोसकट. पहिल्यांदा ज्याने दुर्लक्ष केलं होतं तोही म्हणतो, 'अरे, न्यूजवर दाखवलंय.' नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारच्या नोटेतल्या 'नॅनो जीपीएस चिप'चं असंच झालं. काही वाहिन्यांनी त्यावर ग्राफिक्ससह कार्यक्रम केले. रिझर्व्ह बँकेने नोटेची वैशिष्ट्यं नोटाबंदीच्या दिवशीच जाहीर केली होती. त्या यादीत चिप नव्हती. पण यादी वाचणार कोण! डेस्कवर रात्री साडेअकराला पान सोडायचं असतं, समोरच्या पेपरात येईल आणि आपल्यात चुकेल ही धाकधूक असते, आणि 'सूत्रांच्या माहितीनुसार' हा शब्द हाताशी असतो. चूक पहिल्या पानावर जाते आणि खुलासा सातव्या पानावर, कोपऱ्यात. हे मी स्वतः लावलेल्या पानांबद्दल सांगतोय.

पायरी १: बाण बघा, आणि स्वतःकडे बघा

मेसेजवर 'फॉरवर्डेड' लिहिलंय का? ही खूण व्हॉट्सॲपवर जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्यानंतर आली. एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करण्याची मर्यादाही त्याच महिन्यात भारतात जाहीर झाली. दुहेरी बाण असेल तर तो मजकूर मूळ पाठवणाऱ्यापासून निदान पाच हात तरी फिरून आलाय. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. मात्र कुणी मजकूर कॉपी करून पेस्ट केला किंवा फोटोचा स्क्रीनशॉट काढून टाकला की बाण पुसला जातो. बाण असला तर सावध व्हायचं. नसला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

दुसरं, तुमचं बोट आपोआप फॉरवर्डकडे गेलं का? राग आला, भीती वाटली, किंवा 'बघा, मी म्हणतच होतो' असं समाधान झालं? या तिसऱ्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो. आपल्या मताच्या विरुद्ध असलेली गोष्ट आपण तपासतोच. सोयीची असली की तपासत नाही.

पायरी २: फोटो आणि व्हिडिओचं गाव शोधा

फोटो असेल तर तो दाबून सेव्ह करा, गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो आधी कुठे-कुठे आलाय ते दिसतं. लेन्सने हात टेकले तर टिनआय किंवा यांडेक्सवर बघा. सगळ्यांत जुना सापडलेला फोटो कोणत्या सालचा आहे ते आपल्याला हवंय. आजच्या घटनेचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला की पुढचं काही बघायला नको.

व्हिडिओ थेट शोधता येत नाही. त्याचे तीन-चार स्क्रीनशॉट काढायचे. एक सुरुवातीचा, एक जिथे पाटी किंवा इमारत स्पष्ट दिसते तिथला, आणि एक शेवटचा. संगणक वापरत असाल तर 'इनव्हिड' नावाचं फुकट साधन व्हिडिओतून अशी चित्रं आपोआप काढून देतं.

यंत्राला काही सापडलं नाही तरी डोळे आहेतच. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? गाडीची नंबरप्लेट एमएचची आहे की दुसऱ्या राज्याची? गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्यात का? मे महिन्याची घटना आणि लोकांच्या अंगात स्वेटर? पोलिसांचा गणवेश आपला वाटतो का? दर पावसाळ्यात पहिला जोराचा पाऊस झाला की 'आत्ताची मुंबई' म्हणून पुराचे जुने व्हिडिओ निघतात, काही तर दुसऱ्याच देशातले. आवाज बंद करून पुन्हा एकदा बघा. वरून चढवलेला आवाजच आपल्याला काय दिसतंय ते सांगत असतो. तो गेला की चित्र बरंच मुकं होतं.

एआयने केलेल्या चित्रांबद्दल मला खूप जण विचारतात. हाताची सहा बोटं मोजून पकडायचे दिवस सरले. आता चित्राकडे टक लावण्यापेक्षा ते पहिल्यांदा कुणी टाकलं हे शोधणं जास्त उपयोगी. एवढी मोठी घटना झाली आणि फोटो एकच, तोही एकाच कोनातून? गर्दी असेल तिथे आज पन्नास फोन वर झालेले असतात.

पायरी ३: सरकारी कागद असेल तर

यावर जरा थांबतो, कारण इथे फसायचं प्रमाण जास्त आणि तपासणी मात्र सगळ्यांत सोपी.

महाराष्ट्र शासनाचा जीआर आला, समजा एखाद्या नव्या योजनेचा. खऱ्या जीआरच्या शेवटी ठरावीक मजकूर असतो: तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे, आणि त्याचा संगणक संकेतांक अमुक. हा संकेतांक म्हणजे एक लांबलचक आकडा. त्याची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवस यांनीच होते. कागदावर वर एक तारीख आणि संकेतांकाच्या सुरुवातीला भलतंच साल, असं दिसलं की कागदाशी कुणीतरी खेळलंय असं समजा. संकेतांक बरोबर वाटला तरी संकेतस्थळावर जाऊन तो टाका. कागद तिथे नसेल तर पुढे पाठवू नका.

दुसरा नमुना जिल्हाधिकाऱ्यांचा, 'उद्या सर्व शाळांना सुट्टी'. पोरांचा हा सगळ्यात आवडता फॉरवर्ड. अशा आदेशात जिल्ह्याचं नाव, जावक क्रमांक, तारीख आणि सही असते. त्यात नुसती तारीख बदलून गेल्या वर्षीचा आदेश फिरवतात. बदलणारा बहुतेकदा वार बदलायला विसरतो. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि तारखेला तो वार येतो का बघा. मग ठिकठिकाणच्या अंकांचा ठसा बघा, बदललेल्या अंकाचा फाँट थोडा जाड किंवा किंचित वर-खाली असतो. आणि शेवटी जिल्हा माहिती कार्यालयाचं किंवा जिल्हाधिकाऱ्यांचं अधिकृत खातं. खरी सुट्टी तिथे असतेच.

पायरी ४: कात्रण किंवा वाहिनीचा स्क्रीनशॉट

वर्तमानपत्राचं कात्रण असं दिसणारं चित्र फोनवर दोन मिनिटांत तयार होतं. त्यामुळे कात्रणाला पुरावा मानू नका, पत्ता माना. त्या पेपरच्या ई-पेपरवर त्या तारखेचं, त्या आवृत्तीचं पान उघडा. कात्रणावर तारीखच दिसत नसेल तर ती कुणीतरी मुद्दाम कापली असावी अशी शंका घ्या. वाहिनीचा स्क्रीनशॉट असेल तर त्या वाहिनीच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर शोधा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ही खोट्याची खूण असं काही जण सांगतात. आमच्या वाहिन्यांच्या पट्ट्या वाचत असाल तर ही कसोटी चालणार नाही हे तुम्हाला माहीत आहे.

बातमी खरोखर त्या माध्यमात आली असली तर पुढचं काम असतं. मथळ्यात प्रश्नचिन्ह आहे का? मथळ्यातला दावा आत कुणाच्या नावाने केलाय? 'सांगितलं जातंय', 'चर्चा आहे', 'सूत्रांकडून कळतं' यांपलीकडे एक तरी नाव, एक तरी कागद आहे का? पाच ठिकाणी तीच बातमी दिसली म्हणजे पाच वार्ताहर जाऊन आले असं नाही. वाक्यं जशीच्या तशी जुळत असतील तर पाचांचा उगम एकच असतो.

पायरी ५: आवाज, डॉक्टर आणि कोंबड्या

ऑडिओ क्लिप तपासणं सगळ्यांत अवघड. 'मी अमुक हॉस्पिटलमधून डॉक्टर बोलतोय' असा घाबराघुबरा आवाज. त्यात पूर्ण नाव आहे का, शहर आहे का? नाव असेल तर ते डॉक्टर त्या हॉस्पिटलच्या यादीत आहेत का, आणि हेच त्यांनी दुसरीकडे उघडपणे कुठे म्हटलंय का? आता आवाजाची नक्कलही करता येते. म्हणून ओळखीच्या माणसाने क्लिपमधून किंवा फोनवरून घाईने पैसे मागितले तर फोन ठेवा आणि आपल्याकडच्या जुन्या नंबरवर उलटा फोन करा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

अफवेची किंमत पाहायची असेल तर २०२० चे फेब्रुवारी-मार्च आठवा. चिकन खाल्ल्याने करोना होतो असे मेसेज फिरले, सोबत आजारी कोंबड्यांचे फोटो. पशुसंवर्धन खात्याने त्यात तथ्य नसल्याचं सांगितलं. तोवर पोल्ट्रीवाल्यांना कोंबड्या मातीमोल भावाने द्याव्या लागल्या, काही ठिकाणी तर फुकट वाटल्या. ज्यांनी ते फोटो पाठवले त्यांतल्या कुणालाच शेतकऱ्याचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं.

पायरी ६: दुसऱ्याने तपासलंय का

दाव्यातले दोन-तीन ठळक शब्द घ्या, पुढे 'फॅक्ट चेक' जोडा आणि मराठी व इंग्रजी दोन्हींत शोधा. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांच्या मराठी आवृत्त्या आहेत. इंग्रजी-हिंदीत ऑल्ट न्यूज, बूम. पीआयबीचा, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा, फॅक्ट चेक विभागही आहे. केंद्राच्या योजनेचं खोटं पत्र, बनावट भरती यांसाठी तो कामाचा. पण तो सरकारचाच विभाग आहे. सरकारवरच्या टीकेला त्याने 'खोटं' म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नका. सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवायचा अधिकार सरकारी कक्षाला देणारी नियमांतली दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ती उगीच नाही.

आणि साधा फोन विसरू नका. मेसेजमध्ये तुमच्या तालुक्याचं नाव असेल तर तिथे कुणीतरी ओळखीचं असतंच. दूधवाला, मामाचा मुलगा, शाळेतले सर. अनोळखी माणसाबद्दल खरंच शंका असेल तर ११२ वर कळवा, मुलाचा प्रश्न असेल तर १०९८. ग्रुपवर त्या माणसाचा फोटो टाकू नका. राईनपाड्यात पोलिसांना कळेपर्यंत जमाव आधी जमला होता.

खोटं निघालं. आता सांगायचं कसं?

ग्रुपवर सगळ्यांदेखत 'काहीही पाठवता' असं लिहिलंत की तुम्ही जिंकलात आणि माणूस गमावलात. वयाने मोठ्या माणसाला खाजगीत लिहा. मी आमच्या नानांना लिहिलं होतं ते असं: "नाना, मघाशी तुम्ही टाकलेला व्हिडिओ कराचीचा आहे, आपल्याकडचा नाही. पूर्ण व्हिडिओ सोबत देतोय, शेवट बघा. तुम्हीच ग्रुपवर सांगितलंत तर सगळे ऐकतील." चूक दाखवली, पण दुरुस्तीचा मान त्यांच्याकडे ठेवला.

ग्रुपवर दुरुस्ती टाकायची असेल तर खोटा फोटो पुन्हा चिकटवू नका, नाहीतर लोक फोटो बघतात आणि तुमची ओळ वाचतच नाहीत. आधी खरं काय ते लिहा, गाव आणि तारखेसकट, आणि मग 'म्हणून फिरणारा मेसेज चुकीचा'. लिंक एकच द्या.

चूक आपल्याच हातून झाली असेल तर 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण दोन-अडीच दिवसांपर्यंत चालतं. पण नुसतं डिलीट करून गप्प बसू नका. ज्यांनी वाचलंय त्यांच्या डोक्यातून ते जात नाही. खाली एक ओळ लिहा की मी पाठवलेलं चुकीचं होतं. ॲडमिन असाल तर दंगलीसारख्या नाजूक दिवशी 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' ही सोय वापरा. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, पण त्याच्या भरवशावर ग्रुप मोकाट सोडू नये.

नानांनी माझ्या मेसेजला दोन दिवस उत्तर दिलं नाही. निळ्या खुणा आल्या होत्या. ग्रुपवरही गप्प होते. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास फक्त मला एक फोटो आला, पाण्यात बुडालेल्या बसस्टँडचा. खाली लिहिलं होतं, "आपल्याकडचा म्हणून आलाय. ग्रुपवर टाकला नाही अजून. बसच्या पाटीवर काय लिहिलंय ते चष्मा लावूनही दिसेना, तू बघ."

मोठा करून पाहिला. पाटी गुजरातीत होती.